ब्रेकला हात लावू नका

पहिल्या गावाच्या बाजारचौकात, सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी, तिच्या सायकलची चेन उतरली. वेळ इतकी नेमकी ठाऊक असायचं कारण म्हणजे दोनच मिनिटांपूर्वी तिने वहीत लिहिलं होतं : 'चौक, ८.१८. गर्दी. पाय टेकवावे लागतात.'

सुट्ट्यांचा हंगाम होता. हॉटेलांतून माणसं नुसती ओसंडत होती. मुलांच्या कमरेला फुगवलेली रबरी कडी, वडिलांच्या काखेत मोठाल्या छत्र्या, आयांच्या खांद्यांवर टॉवेलांचे ढीग, आणि सगळ्यांच्या नजरा समुद्राकडे. रस्त्याकडे बघायला कुणालाच सवड नव्हती. टोप्यांच्या दुकानाच्या आडोशाला सायकल ओढून नेऊन ती चेनशी झटापट करू लागली. तीन मिनिटांत दहाही बोटं काळी झाली. चेन होती तिथेच.

"ओढू नका... ओढू नका. चेन आणि रुसलेलं माणूस ओढून जागेवर येत नाही."

ती वळली. मागे एक तरुण सायकलवरून उतरत होता. पाठीवर एक सुटं चाक ढालीसारखं बांधलेलं, कॅरिअरवर हत्यारांची पत्र्याची पेटी, कपाळावर ग्रीसचा आडवा पट्टा. तो उकिडवा बसला, एका बोटाने चेन दात्यांवर टेकवली आणि पेडल उलटं फिरवलं. खट्.

"झालं?"

"झालं."

"एवढंच?"

"निराश झालात? आणखी काही बिघडवून देऊ का?"

ती हसली. टोपीवाला आतून ओरडला, "ए पाना! माझ्या पोरीच्या सायकलची घंटा वाजत नाही रे!"

"पोरगी वाजते ना, घंटा कशाला?" त्याने परत आवाज दिला, आणि मग तिच्याकडे बघून खांदे उडवले. "सगळे पानाच म्हणतात. पेटीतला पाना आणि मी, दोघं एकाच किमतीचे. तुम्ही?"

ती घुटमळली. पुढच्या चाकाला अंतर मोजायचं यंत्र बसवलेलं होतं, त्याच्याकडे तिची नजर गेली. "मी... मापं घेते. रस्त्याची."

"अस्सं. मग तुम्ही मोजमाप. चला मोजमाप, कुठवर?"

"चौथ्या गावापर्यंत."

"मीसुद्धा." तो सायकलवर बसलासुद्धा. "आज रस्ता लहान होणार म्हणायचा."

रस्ता सेहेचाळीस किलोमीटरचा होता. तो लहान होत नसतो हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही तिने मान डोलावली.

वाटेवरच्या चारही गावांत भाड्याने सायकली देणारी एकाच कंपनीची केंद्रं होती. हंगामात पाना रोज पहिल्या गावापासून चौथ्यापर्यंत जायचा आणि सुटीवर आलेल्यांनी मोडून ठेवलेलं सगळं सरळ करायचा. तिचं काम त्याहून शांत होतं. ती एका छोट्या प्रकाशनात होती. सायकलवरून फिरणाऱ्यांसाठी ते वाटाड्या पुस्तकं काढत. त्यावर लेखकाचं नाव नसे, पण प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असे : 'तपासले : एक व्यक्ती, एक फेरी.' या किनाऱ्याच्या पानांवरची ती एक व्यक्ती म्हणजे तीच. तीन वर्षांपूर्वी तिने हा रस्ता केला होता. नळ मोजले होते, चढ मोजले होते, बसता येईल अशा सावल्यासुद्धा मोजल्या होत्या. मोजल्याशिवाय शब्द लिहायचा नाही हा तिचा नेम होता.

तो एकदाच मोडला. पान एक्केचाळीस. तिसऱ्या आणि चौथ्या गावांमध्ये डोंगराचा एक सुळका समुद्रात घुसलेला आहे आणि त्याच्या माथ्यावरून साडेतीन किलोमीटरचा उतार थेट चौथ्या गावात जातो. हंगाम नव्हता, सकाळचे साडेसहा वाजले होते, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ती उतरली, आणि खाली पोचल्या पोचल्या तिने लिहिलं, 'ब्रेकला हात लावू नका. हा उतार म्हणजे या रस्त्याने दिलेली बक्षिशी आहे.'

दोन वर्षांपूर्वी कचेरीत एक पत्र आलं. 'तुमच्या पान ४१ वर विश्वास ठेवून माझी बहीण पडली. खांदा मोडला. दुपारी चार वाजता उताराच्या शेवटच्या वळणावर काय असतं ते एकदा येऊन बघा.' खाली सही नव्हती, चौथ्या गावातल्या एका गल्लीचा पत्ता होता.

"उत्तर दिलं म्हणजे चूक कबूल केली," संपादक बाई म्हणाल्या होत्या. तिने चार वेळा उत्तर लिहिलं आणि एकदाही पाठवलं नाही. आता नवी आवृत्ती निघणार होती. हा रस्ता ठेवायचा की गाळायचा, ते बघून यायला तिला पाठवलं होतं. पत्र हँडलच्या पिशवीत होतं. चार वाजता त्या वळणावर पोचायचं हे तिने ठरवलं होतं. त्यानंतर त्या पत्त्यावर जाऊन दार वाजवायचं की गुपचूप सहाची बस पकडायची, हे मात्र तिचं ठरत नव्हतं.

पहिल्या आणि दुसऱ्या गावांमध्ये रस्ता समुद्राला अगदी खेटून जातो. दर किलोमीटरला ती थांबे, लिही. दर किलोमीटरला तोही थांबे.

"काय लिहिताय एवढं?"

"वारा."

"वारा लिहिता येतो?"

"किती आहे, कुठून आहे, पेडल जड जातं का... आत्ता कमी आहे."

तिने 'वारा : कमी' असं लिहिलंही. मग मान वर केली आणि तिच्या लक्षात आलं. वारा समुद्राकडून येत होता आणि तो समुद्राच्या बाजूला उभा होता. पाठीवरच्या चाकासकट. चालवतानाही तो सगळा वेळ त्याच बाजूला होता. कधी तिकडे गेला, कळलंसुद्धा नव्हतं.

"जरा बाजूला होता?"

"का? मी काय केलं?"

"माप चुकतंय."

तो बाजूला झाला. वाऱ्याने वहीचं पान फडफडवलं, तिचे केस तोंडावर आणले. तिने 'कमी' खोडून 'बराच' केलं. आपले कान तापले आहेत हेही तिला जाणवलं, पण त्यासाठी वहीत रकाना नव्हता.

दुसऱ्या गावात बंदरालगत पिवळ्या सायकली ओळीने उभ्या होत्या. फुगेवाले, कॅमेरे, एकमेकांना हाका मारणारी कुटुंबं, आइस्क्रीमसाठी वळसे घेणारी रांग. त्या गलबल्यात पाना खाली बसला तो उठलाच नाही. एकामागून एक सहा सायकली उलट्या झाल्या, सुलट्या झाल्या. बोटं अशी चालत होती, जशी काही ती त्याच्या परवानगीची वाट बघत नसावीत. ती नळ शोधून आली. जुना नळ बंद पडला होता, नवा पन्नास पावलं पुढे होता. परत आली तेव्हा तो दुरुस्त केलेल्या प्रत्येक सायकलला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत होता. तिने सहज वाचली. 'मागचा ब्रेक बदलला. हळू चालवा.'

अक्षर उजवीकडे कललेलं होतं. वेलांट्या वाऱ्यावर उडाल्यासारख्या.

ते अक्षर तिने दोन वर्षांत किती वेळा वाचलं होतं, तेवढं एक तिने मोजलं नव्हतं.

"काय झालं? भूत बघितल्यासारख्या काय उभ्या?"

"अक्षर... छान आहे."

"मोजमाप, चष्मा लावा! मास्तर म्हणायचे, कोंबडीचे पाय."

तेवढ्यात एक घामाघूम जोडपं येऊन उभं राहिलं. नवऱ्याच्या हातात तेच पुस्तक होतं. "यात इथे नळ दाखवलाय, तो कुठे?"

"पन्नास पावलं पुढे," ती आणि पाना एकदमच म्हणाले. जोडपं निघून गेलं.

"नवा नळ तुम्हाला कसा ठाऊक?"

"आत्ताच मोजून आले."

"हे पुस्तक सगळ्यांकडे असतं." त्याने हात फडक्याला पुसले. "वाईट नाही हो. अंतरं, चढ, अगदी बरोबर. पण लिहिणारा बाबा..."

"बाबा कशावरून?"

"असणार कुणीतरी पोट सुटलेला. पंख्याखाली बसून लिहीत असेल."

"पंख्याखाली बसून नळ कसे मोजेल?"

"मोजायला तुमच्यासारखं कुणीतरी पाठवलं असेल. आणि मग मधेच एक वाक्य स्वतःच्या मनाने घुसडलं असेल." त्याचं हसू आटलं होतं. "त्या वाक्यापायी माझी बहीण पडली. मी पत्र टाकलं."

"मग?" तिचा आवाज बारीक झाला.

"मग काय. पालथ्या घड्यावर पाणी."

तेव्हाच सांगायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलाही होता. पण एक लहान मुलगी मोडकी सायकल ओढत आली. पाना लगेच तिच्या उंचीला वाकून गंभीरपणे विचारू लागला, "कुठे दुखतंय हिला?" शब्द आला तसा परत गेला. पुढचे तेरा किलोमीटर ती गप्पच होती. त्याने दोन विनोद केले, एकदा शीळ वाजवली आणि शेवटी म्हणाला, "काही चुकलं का माझं?"

"नाही. तुमचं नाही."

तिसऱ्या गावातलं केंद्र त्याची बहीण चालवत होती. लाकडी टपरी, पुढे हेल्मेटांची रांग, बाकावर कलिंगडाच्या फोडी, पाव आणि उकडलेली अंडी. पानाने लांबूनच ओरडून सांगितलं, "ताई, दोन माणसं जेवायला!"

"दोन?" ताईने कपाळावर हात धरून पाहिलं. "रोज एकटा येतोस, आज चाक सोडून माणूस आणलास? सूर्य कुठे उगवला?"

"ताई, ह्या मोजमाप आहेत."

"दिसतंय. आल्या आल्या माझी हेल्मेटं मोजली त्यांनी."

ताईचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. वरच्या खुंटीवरचं हेल्मेट काढताना ती पूर्ण वळायची आणि उजवा हात वापरायची. पाना मागच्या सायकली बघायला गेला, तेव्हा ताईने कलिंगडाची फोड तिच्यापुढे सरकवली.

"खांद्याकडे बघायची ही तिसरी वेळ," ताई म्हणाली. "लोक एकदा बघतात. सभ्य असतील तर तेवढंही नाही. तीनदा कोण बघतं?"

तिने फोड उचलून तशीच धरली. फोडीचं पाणी मनगटावर ओघळत होतं.

"चोराच्या मनात चांदणं," ताई सावकाश म्हणाली. मग चाकाच्या यंत्राकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. "तूच ना गं ती? एक व्यक्ती, एक फेरी?"

"हो," ती म्हणाली. दोन वर्षं न पाठवलेलं उत्तर एवढंच निघालं. "हो. आणि मला खरंच..."

"थांब. माझ्यापुरतं झालं. वळण दिसत नसताना ब्रेक सोडला तो मी. अक्कल माझीही गहाण होती." ताईने आवाज खाली आणला. "पण त्याला सांग. मी सांगितलं तर तो तुझ्यावर चिडेल. तू सांगितलंस तर... तरी चिडेल म्हणा. पण ते चिडणं बरं. आल्यापासून तो शीळ वाजवतोय, ऐकलंस? दोन वर्षांत मी ऐकली नव्हती. शेवटच्या गावात कळण्याआधी सांग."

"आणि तो निघून गेला तर?"

"चौथ्या गावाला जायला रस्ता एकच आहे," ताई म्हणाली. "जाऊन जाऊन जाईल कुठे?"

सुळक्याचा चढ इतका उभा आहे की बहुतेक लोक सायकल हाताने ढकलतात. तीही ढकलत होती. पाना चालवू शकला असता, पण तोही उतरला. एका हाताने स्वतःची सायकल आणि दुसऱ्या हाताने, अधूनमधून, तिच्या कॅरिअरला टेकू. खाली गाव लहान होत गेलं. समुद्रकिनाऱ्यावरच्या छत्र्या बटणांएवढ्या झाल्या.

"तुम्ही परत कधी येणार मापं घ्यायला?" त्याने विचारलं. विचारताना तो चेनकडे बघत होता. चेनला काहीच झालं नव्हतं.

"पाना, जरा थांबता?"

माथा आला होता. तिने पिशवी उघडली. घड्यांवर झिजलेलं पत्र काढून त्याच्यापुढे धरलं.

त्याने स्वतःचं अक्षर ओळखलं. आधी पत्राकडे, मग तिच्याकडे, मग चाकाच्या यंत्राकडे पाहिलं.

"माझं पोट सुटलेलं नाही," ती म्हणाली, आणि विनोद पडायच्या आतच तिला रडू फुटलं. "पंखाही नव्हता. सकाळी साडेसहा वाजले होते, रस्त्यावर कुणी नव्हतं. अख्ख्या पुस्तकात तेवढं एक वाक्य मी न मोजता लिहिलं. उत्तर चार वेळा लिहिलं... पाठवलं नाही. नोकरीची भीती होती. पण तेवढंच नाही. माझीच हिंमत झाली नाही."

तिच्या हातात वाऱ्याने पत्र फडफडत होतं.

"सकाळपासून ठाऊक होतं तुम्हाला?"

"दुसऱ्या गावापासून. चिठ्ठीवरचं अक्षर बघून."

"आणि मी तेरा किलोमीटर विनोद करत होतो." त्याने पत्र घेतलं, खिशात घातलं, घड्याळाकडे पाहिलं. "चार वाजायला आलेत. मला जायला हवं."

आणि तो गेला. पाठीवरचं चाक पहिल्या वळणाआड दिसेनासं झालं.

ती तिथेच उभी राहिली असती. पण ती ज्या कामासाठी आली होती ते आता तिच्या समोर, साडेतीन किलोमीटर खालपर्यंत पसरलेलं होतं. तिने डोळे पुसले, दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवली आणि निघाली.

शंभर मीटरवर पहिला ब्रेक : रस्त्याकडेला लागलेल्या गाड्या, एकीचं दार उघडलेलं. मग वाऱ्याने आणून टाकलेली वाळू. मग फोटोसाठी थेट रस्त्यात उभं राहिलेलं कुटुंब. आइस्क्रीमची गाडी. सुटलेला चेंडू आणि त्याच्यामागे धावणारे आजोबा. तीन वर्षांपूर्वी हाच रस्ता होता, यातलं काहीही नव्हतं. तिने रस्ता मोजला होता. माणसं मोजायची राहून गेली होती.

शेवटच्या वळणाआधी तिला तो दिसला.

त्याने सायकल भिंतीला टेकवली होती आणि वळणाच्या तोंडाशी, उन्हात, रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात खाली-वर करत होता. "हळू... हळू या! पुढे बस आहे! उतरा, काकू! काका, ब्रेक!" वळणाआड चारची बस नुकतीच थांबली होती आणि तिच्यातून माणसं, बॅगा, मुलं रस्त्यावर सांडत होती. वरून येणाऱ्या सायकली एकेक करून त्याच्यापाशी हळू होत होत्या. कुणी त्याला सरकारी माणूस समजून मान डोलावत होतं, कुणी चिडत होतं. त्याला त्याचं काही नव्हतं. हे तो आज पहिल्यांदा करत नव्हता, ते त्याच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

ती त्याच्यापुढे येऊन थांबली. बस रिकामी होऊन निघून गेली, तेव्हा त्याने हात खाली केले.

"किती वेळा ब्रेक लावला?"

"अकरा."

"लिहा मग."

"रोज उभे राहता इथे?"

"हंगामात. चार ते सव्वाचार." त्याने कपाळ पुसलं. ग्रीसचा पट्टा आणखी लांबला. "त्या दिवशी मी ताईच्या मागेच होतो. माथ्यावर ती घाबरली होती. म्हणत होती, हळूहळू जाऊ. मी पुस्तक काढलं..." तो थांबला. "तुम्ही लिहिलं, मोजमाप. पण वाचून दाखवलं मी. मोठ्याने. कारण मला ते वाक्य आवडलं होतं."

ती सायकलवरून उतरली.

"लिहिणारा बाबा शोधत होतो दोन वर्षं," तो म्हणाला. "तो सापडला नसता तर बरं झालं असतं. सगळं त्याच्या माथी मारता येत होतं. मघाशी तुमच्यावर चिडून निघालो. अर्ध्या उतारावर लक्षात आलं, चिडलोय कुणावर ते."

"मी ते वाक्य काढून टाकणार आहे."

"का?"

"का म्हणजे? खोटं आहे ते."

"खोटं नाही. अर्धवट आहे. साडेसहाचं वाक्य तुम्ही चोवीस तासांना लावलंत." आता त्याने पहिल्यांदा नीट तिच्याकडे पाहिलं. "लिहिणारं माणूस त्या सकाळी खूश होतं. ते कळतं वाचताना. मला एवढंच बघायचं होतं, ते खूश माणूस कोण..."

समुद्राकडून वारा आला. नकळत तो एक पाऊल सरकला आणि मध्ये उभा राहिला.

"माप चुकेल," ती म्हणाली.

"चुकू दे."

ती हसली, आणि डोळे पुन्हा भरले, आणि यातलं आधी काय झालं हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही.

"दोन वर्षं मी या उतारावर ब्रेक सोडलेला नाही," तो म्हणाला. "रिकाम्या रस्त्यावरसुद्धा. उद्या साडेसहाला... बघायचं का? वाक्य बरोबर होतं की नव्हतं?"

"माझी सहाची बस आहे."

"सहाची बस रोज असते."

"राहू कुठे?"

"आमच्याकडे. ताई घरी आली की न सांगताच धुतलेली चादर काढेल. तिला सगळं माझ्याआधी कळतं. एवढं हुशार माणूस घरात असणं बरं नव्हे."

सहाची बस सहा वाजून दोन मिनिटांनी सुटली. ती वेळ तिने लिहून ठेवली. खिडकीजवळची एक जागा रिकामी होती.

पुढच्या हंगामाआधी नवी आवृत्ती निघाली. रस्ता गाळला नव्हता. पान एक्केचाळीसवर आता आठ ओळी होत्या : अकरा ब्रेक, वाळू, चारची बस, वळणाआधी उतरून चालण्याची सूचना. आणि शेवटी, 'सकाळी साडेसहाला, रस्ता रिकामा असेल तर, बोटं ब्रेकवर ठेवा. दाबायची गरज बहुधा पडणार नाही.'

कच्च्या छपाईवर संपादक बाईंनी सगळं मान्य केलं होतं. फक्त तळाच्या बारीक ओळीखाली लाल पेन्सिलने एक रेघ मारली होती आणि समासात विचारलं होतं, 'आकडा?'

तिने समासात लिहिलं, 'आहे तसं राहू द्यावं.' ओळ तशीच छापली गेली :

'तपासले : दोन व्यक्ती. फेऱ्या मोजलेल्या नाहीत.'